पूर्वी, दरम्यान आणि नंतर

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा घरी पाहुणे जमले होते. तायडे सर आले, पेढा खाल्ला आणि माझं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. “ही पूर्वीची नोंद,” ते म्हणाले. पुढे माझ्या बायकोनं माझ्याविषयी चार शब्द बोलायला सुरुवात केली, तेव्हा ते गर्दीतून वाट काढत पुन्हा माझ्याजवळ. पुन्हा मनगट. “ही दरम्यानची.” आणि जेवणं आटोपल्यावर, बूट घालता घालता, तिसऱ्यांदा. “ही नंतरची. खेडकर, वहिनींचं बोलणं संपून दीड तास झाला, तुमचे ठोके अजून खाली आले नाहीत. जपा.”

तायडे सर आमच्या नांदुऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी इतिहास. स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारी होती, एवढाच काय तो दोन विषयांचा संबंध. पण जगातल्या प्रत्येक गोष्टीची तीन मापं असतात ही त्यांची श्रद्धा मी इतकी वर्षं ऐकली, की शेवटी मी पानिपतसुद्धा तसंच शिकवायला लागलो.

“लोक दोनच मापं घेतात,” ते म्हणायचे. “आधीचं आणि नंतरचं. आणि जे काही होते ते तर मधातच होते ना!” वर्गात ते शुद्ध बोलायचे, विषय मनाला भिडला की वऱ्हाडी सुरू व्हायची. त्यामुळे त्यांची वऱ्हाडीच जास्त वेळ ऐकू यायची.

उंच, काटकुळा माणूस. कडक इस्त्रीची पँट आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण कोणत्या क्षणी मैदानावर धावावं लागेल सांगता येत नाही. शर्टाच्या एका खिशात पेन, दुसऱ्यात कापसाचा बोळा. काखेत लांब, जाड पुठ्ठ्याची वही. या वहीचा एक नियम होता. मोजमाप चुकलं तर जागा कोरी सोडायची नाही, कारण लिहायचं. मी ती वही चाळली आहे. ‘नोंद नाही. कारण: वीज गेली.’ ‘नोंद नाही. कारण: बर्फ वितळला.’ ‘नोंद नाही. कारण: विद्यार्थ्याचं साक्षगंध.’ एका पानावर नुसतंच, ‘नोंद नाही. कारण: मी विसरलो.’ आमच्या कॉलेजात असं वाक्य लिहून खाली सही करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आमच्याकडे नोंदी नेहमी पूर्ण असत.

त्यांची पीएच.डी. व्हायची होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी नाव नोंदवलेलं, मुदत दोनदा वाढवून मिळालेली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असं विद्यापीठाचं पत्र त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. रोज दार उघडलं की दर्शन. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तिकडे अमडापूरला त्यांच्या आईनं निकाल केव्हाच जाहीर केला होता. सर गावी गेले की अंगणात चार म्हातारे गुडघे दाखवायला हजर.

“आई, मी तो डॉक्टर नाही.”

“मंग कोणता हायेस?”

“अजून तर कोणताच नाही.”

“मंग लवकर हो ना बापा. लोक थांबून राह्यले.”

विषय होता: व्यायाम चालू असताना माणसाच्या रक्तावर ऑक्सिजनमुळे येणारा ताण. हे ऐकून समोरच्याचा चेहरा कोरा झाला की सरांना उत्साह चढायचा. “माणूस जगते ऑक्सिजनवर,” ते सुरू करायचे, “आणि गंजते बी ऑक्सिजनवरच. आता धावताना हवा कितीतरी जास्त लागते. तिच्यातली थोडी रक्तात जाऊन पिसाळते आणि पेशींचे लचके तोडते. आत शरीराचे स्वतःचे पहारेकरी असतात, ते तिले धरतात. प्रश्न इतलाच, की पिसाळलेले किती आणि पहारेकरी किती.”

एवढ्यानंही कळलं नाही तर वांगं. टेबलाच्या खणात चाकू असायचाच. वांगं मधोमध कापायचं, एका फाकेवर लिंबू पिळायचं, दुसरी तशीच ठेवायची आणि पंधरा मिनिटं समोरच्याला उठू द्यायचं नाही. उघडी फाक काळी पडायची, लिंबाची पांढरी राहायची. “पाहा! हिले गंज चढला. हिले आंबटानं राखलं. बस, हाच माह्या प्रबंध.” हा प्रयोग मी पाहिला, प्राचार्यांनी पाहिला, मीटर दुरुस्त करायला आलेल्या लाइनमननं पाहिला. सगळ्यांत जास्त वेळा पाहिला तो प्रयोगशाळेच्या परिचर कौसल्यामावशींनी, कारण वांगी त्याच आणायच्या आणि नंतर फाका घरी न्यायच्या. त्यांच्या घरची वांग्याची भाजी जरा आंबट असते, असं त्यांच्या सुनेचं म्हणणं होतं.

माणसं गोळा करणं सोपं गेलं. आमच्या मैदानावर पहाटेपासून पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावत असतात. त्यांतली तीस घेतली. हा धावता गट. तुलनेला न धावणारी तीस हवी होती. ती वाचनालयात मिळाली, तलाठी परीक्षेचा अभ्यास करणारी. हा बैठा गट. शास्त्रासाठी आठ आठवडे नुसतं बसायचं आहे म्हटल्यावर त्यांच्यात चढाओढ लागली. रक्त काढायला गावातल्या एका लॅबमधले शकीलभाई यायचे. शिट्टी आणि स्टॉपवॉच माझ्याकडे. “इतिहासवाल्याले सकाळी काय काम असते?” हे सरांनी प्राचार्यांना माझ्यासमोरच विचारलं होतं.

दरम्यानचं रक्त हवं, हा सरांचा हट्ट. म्हणून पोरांच्या हाताला सलाईनची सुई पट्टीनं चिकटवून त्यांना पळवायचं, मध्येच शिट्टी मारून थांबवायचं, शकीलभाईंनी नळी भरायची, पोरगं पुन्हा सुटायचं. पहिल्या सकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या एका टमटमवाल्यानं गाडी थांबवून मला विचारलं, “काय हो, दवाखान्यातून पेशंट पळाले काय?” मी म्हटलं, हो, पण आम्ही शिट्टी मारली की थांबतात.

नळ्या बर्फात ठेवायच्या. बर्फ स्टेशनकडच्या कारखान्यातून, भुश्यात गुंडाळून, सरांच्या सायकलच्या कॅरिअरला बांधून. मग प्रयोगशाळेतलं ते जुनं गरगर फिरणारं यंत्र, ज्याच्याखाली चादरीच्या चार घड्या घातल्या नाहीत तर ते टेबलावरून चालत दारापर्यंत जायचं. त्यात रक्त फिरवलं की वर पिवळसर पाणी येतं. त्या पाण्यात एक रसायन घालून उकळलं की वास येतो आणि रंगही येतो. वासाबद्दल लिहीत नाही. रंग मात्र सुरेख, गुलाबी. जितका गडद गुलाबी, तितका आत गंज जास्त. सर नळी खिडकीशी धरून बघायचे. मला तो रंग आवडला असं मी म्हटलं की नाराज व्हायचे. “खेडकर, हे नुकसान हाये.”

एका सकाळी खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक गृहस्थ तरातरा मैदानात आला. “माह्या पोराचं रक्त कोण काढून राह्यला बे?”

पोरं पांगली. मी शिट्टी खिशात टाकली. सर पुढे झाले. “मी.”

“काऊन?”

“मोजाले.”

“मोजून काय करता? वापस टाकता काय?”

तीस पोरं आणि एक इतिहासाचा प्राध्यापक उत्तराची वाट पाहत होते. खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता. सरांनी बाही वर केली. “शकीलभाई, माह्यं घ्या.” घेतलं. मग इस्त्रीची पँट, सुई लावलेला हात, आणि सर पळत सुटले. दोन फेऱ्या मारून आले, पुन्हा हात पुढे. त्या गृहस्थापुढे उभे राहून धापा टाकत म्हणाले, “आता बोला.”

“पोराले ठेवा तुमच्यापाशी,” तो म्हणाला. “पण तुम्ही पळू नका, सर. बिमार पडसान.” दुसऱ्या दिवशी त्यानं शेंगांची थैली पाठवली. सरांनी ती ताबडतोब कुलपात टाकली, कारण रात्रीपासून शेवटची नळी भरेपर्यंत पोरांनी फक्त पाणी प्यायचं, तोंडात दुसरं काहीही नाही, हा नियम होता. आंबट तर मुळीच नाही. किल्ली स्टाफरूमच्या खिळ्यावर असायची. स्टाफरूमवर कसलंच नियंत्रण नसल्यामुळे शेंगा तिथेच संपल्या.

पाण्याचं खातं कौसल्यामावशींकडे होतं. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली स्टीलचं पिंप, त्याला तोटी, शेजारी पालथे पेले. मावशींचं घर शेगावच्या रस्त्याला. दर गुरुवारी माणसं त्या रस्त्यानं पायी शेगावला जातात आणि मावशींच्या सासूच्या काळापासून त्यांच्या दारात पाणी, सरबत मांडलेलं असतं. जाणारा कोण, कुठला, हे विचारायचं नाही. श्रमानं आलेला माणूस कोरड्या तोंडानं पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच. बसलेल्या माणसाबद्दल मात्र त्यांची मतं कडक होती. मी खुर्चीवरून पाणी मागितलं की म्हणायच्या, “बसल्या-बसल्या पाणी मांगता काय सर? उठा, हातानं घ्या.” मी उठलो नाही. आठ आठवड्यांत एकदाही नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी विसरायचा प्रयत्न करतो आहे.

आठ आठवडे झाले. पहिल्या दिवशी धावत्या गटाच्या नळ्या गडद गुलाबी होत्या. शेवटच्या दिवशीच्या इतक्या फिकट निघाल्या, की सरांना वाटलं रसायन संपलं. नवी बाटली उघडली. तेच. बैठा गट होता तिथेच. सरावानं पहारेकरी वाढतात हे सरांना पुस्तकातून ठाऊक होतं, पण इतके? मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग आवाज आला, “तायडे, लिहायला घ्या.”

“खेडकर,” सर मला हळूच म्हणाले, “नांदुऱ्याच्या पोरायत काहीतरी हाये.” काय आहे ते त्यांनी तीन महिन्यांत शोधूनही काढलं. आपला भाग खारपाणपट्ट्याचा. पिढ्यान् पिढ्या खारं पाणी पिऊन इथल्या माणसाचे पहारेकरी काटक झाले असावेत. प्रबंधात पाचवं प्रकरण यावर. चाळीस पानं. मी शुद्धलेखन तपासलं. फार पटलं मला. आपल्या पाण्याविषयी पहिल्यांदाच कोणी बरं बोलत होतं.

हे सगळं त्यांनी पुण्याच्या एका परिषदेत मांडलं. आल्यावर मी विचारलं, कसं झालं?

“एका मॅडमनं विचारलं, आहारावर नियंत्रण होतं का. म्या म्हटलं, शंभर टक्के. पोरं आमच्या डोळ्यासमोर होते.”

“मग?”

“हसले थोडेसे. माह्या बोलण्यावर. आकड्यायवर नाही हसले.” आणि त्यांनी खिशातला कापसाचा बोळा उगाचच काढून पुन्हा आत ठेवला. इतके खूश मी त्यांना आधी पाहिले नव्हते.

प्रबंध बांधून आला. चार प्रती, काळं कापड, सोनेरी अक्षरं. सोमवारी विद्यापीठात द्यायचा. त्याआधी शनिवारी प्राचार्यांनी सत्कार ठेवला. पदवी मिळायच्या आधीच सत्कार करण्याची आमच्या कॉलेजची पद्धत आहे. नंतर कधी कधी संधी मिळत नाही. व्यासपीठावर प्राचार्य, सर आणि प्रयोगशाळेच्या वतीनं कौसल्यामावशी. प्राचार्य म्हणाले, तायडे सरांनी कॉलेजचं नाव रक्तारक्तात पोचवलं. टाळ्या. मग मावशींच्या खांद्यावर शाल घातली गेली आणि कोणीतरी त्यांच्यापुढे माइक धरला. दोन शब्द बोला.

मावशींनी पदर सावरला. “म्या काय बोलू? सरायनं लय मेहनत घेतली. म्या काही केलं नाही. पोरायचं रक्त काढत होते, म्हून म्या रोज आवळ्याचं पाणी पाजलं. तितलंच.” टाळ्या पडल्या, तशा त्यांना धीर आला. “सरायनंच तर दाखोलं होतं, वांगं काळं पडते, आंबट लावलं का नाही पडत. म्या म्हटलं, वांग्याची इतली काळजी, मंग हे तर लेकरं हायेत!”

सभागृह कोसळलं. टाळ्या, शिट्ट्या. प्राचार्य डोळे पुसत होते. शेवटच्या रांगेतून पोरं ओरडली, “कौसल्यामावशी झिंदाबाद!” तीस पोरं होती ती, सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

मी सरांकडे बघितलं. ते ताठ बसले होते. गळ्यात हार. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवलेली, नजर सभागृहाच्या घड्याळावर. स्वतःचे ठोके मोजत होते. ही दरम्यानची.

कार्यक्रम संपल्यावर मी प्रयोगशाळेत गेलो. चार काळ्या प्रती टेबलावर एकावर एक. सर स्टुलावर.

“सर,” मी दार लोटून घेतलं, “कोणालाही काही कळलेलं नाही. प्राचार्यांना तर नाहीच. सोमवारी प्रबंध देऊन टाका.”

“मावशीले कळलं होतं,” सर म्हणाले. “साऱ्या कॉलेजात माह्या विषय एका मावशीलेच कळला, खेडकर. म्हून तर तिनं पाजलं.”

मग त्यांनी मावशींना बोलावलं. मला वाटलं, आता होणार. मावशी शाल अंगावर ठेवूनच आल्या. सरांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. “मावशी, किती आवळे?”

“पोरामागं दोन. किसून, पिळून. गूळ टाकाचा, चिमूटभर मीठ.”

“कवापासून?”

“दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवशी पाह्यलं ना, कसे पांढरे पडले होते पोरं.”

“पोरं मले काही बोलले नाहीत.”

“ते म्हणत, मावशी, सर म्हणते फक्त पाणी. म्या म्हटलं, पाणीच हाये, जरासं आंबट हाये. अन् सर, आपलं खारं पाणी नुसतं कसं पाजाचं लेकरायले?”

पाचवं प्रकरण तिथं संपलं. चाळीस पानं.

“आणि बैठ्या गटाले?”

मावशींना प्रश्नच कळला नाही. “त्यायले कायले? ते काय करून राह्यले होते?”

सर सगळं लिहून घेत होते. प्रमाण, वेळ, पेल्याचा आकार. आपल्या सरबताची कृती इतक्या आदरानं कोणी विचारली नव्हती, त्यामुळे मावशी खुलल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “तुमच्या घरी वैनीले सांगा, आवळे पिकले नको.” सरांनी तेही लिहिलं.

आणि मी खुर्चीत बसून होतो. पिंप माझ्यापासून दहा पावलांवर होतं. सर स्वतःची बाटली आणायचे, ते त्या पिंपाचं पाणी कधी प्यायले नाहीत. शकीलभाई चहावाले. आठ आठवड्यांत मी एकदा उठून एक घोट घेतला असता, तर एका माणसाची दहा वर्षं वाचली असती. हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही बैठ्या गटातले.” राग नव्हता त्यात. वर्गीकरण होतं.

सोमवारी ते विद्यापीठात गेले, पण प्रती कॉलेजातच राहिल्या. मार्गदर्शकांनी सुचवलं, एक तळटीप टाका आणि मोकळे व्हा. सर म्हणाले, तळटिपेत आठ आठवडे मावत नाहीत. मुदत मार्चमध्ये संपली. दाराला आतून चिकटवलेलं पत्र त्यांनी काढलं नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘प्रबंध सादर नाही. कारण: आवळा.’

पुढच्याच आठवड्यात ते अमडापूरला गेले. मी बरोबर होतो. त्यांनी आईला सांगितलं, आई, डॉक्टर काही झालो नाही, आता होणार बी नाही. आई गहू निवडत होत्या. हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. “बरं झालं बापा,” त्या म्हणाल्या. “तसा बी तुह्या पाहण्यानं कोणाच्या गुडघ्याले फरक नव्हता.” सर खूप हसले. हसणं संपल्यावर ते उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मनगट मी धरलं नाही. धरायला हवं होतं, असं नंतर वाटलं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कशाला सांगितली असती? पुढच्या हिवाळ्यात सर पुन्हा मैदानावर. नोंदणी नाही, मुदत नाही, मार्गदर्शक नाही. कॉलेजात लोक विचारायचे, आता कशाला? “मोजायचं राह्यलं ना,” सर म्हणायचे, जणू गॅस बंद करायचा राहिला. आता दोन्ही गट धावते. एकाला आवळा, दुसऱ्याला नुसतं पाणी. आणि वाटप कोणाकडे? कौसल्यामावशींकडे. मी म्हटलं, सर, माणूस बदला. ते म्हणाले, “तिनं लपवलं काहीच नाही, खेडकर. आपण विचारलंच नव्हतं.”

निंबाखाली दोन पिंपं लागली. मावशींनी अकरा दिवस पाळलं. या पिंपाचं यांना, त्या पिंपाचं त्यांना. पाणीवाल्या पोरांना पेला देताना त्या तोंड दुसरीकडे वळवायच्या. बाराव्या दिवशी त्या स्वतःहून सरांपुढे येऊन उभ्या राहिल्या, हात जोडून.

“सर, आज पाणीवाल्यायले बी पाजलं. मले नाही होत हे. एकाच धापेचे लेकरं, एकाले द्याचं, दुसऱ्याचं तोंड पाहाचं. तुम्ही मले काढून टाका.”

सरांनी वही काढली. मी वाकून बघितलं. ‘प्रयोग बंद. कारण: मावशी बरोबर आहे.’

त्यानंतर वर्षभरानं ते निवृत्त झाले, त्यांच्या पाठोपाठ मावशी. सरांच्या निरोपाच्या समारंभात प्राचार्य भाषणाच्या भरात त्यांना ‘डॉक्टर तायडे’ म्हणून गेले. सरांनी उभं राहून दुरुस्त केलं आणि पुन्हा बसले.

या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. “खेडकर, घड्याळ आहे ना अजून? उद्या सकाळी मैदानावर या.”

गेलो. थंडी चांगलीच होती. शकीलभाई बर्फाचा डबा घेऊन बसलेले. निंबाखाली मावशी, मांडीवर पेला, त्यावर बशी झाकलेली. आणि सर, हाताला सुई, पट्टी, पायात तेच कॅनव्हासचे बूट. उभा जन्म दुसऱ्यांचं रक्त मोजणाऱ्या या माणसाला शेवटी एकच असा माणूस सापडला होता, जो चोरून काही पिणार नाही याची त्याला खात्री होती. आठ आठवडे सरबताविना धावायचं, मग आठ आठवडे सरबतासह. एकच माणूस, तोच गट, तोच तुलनेचा गट. ती सरबताविनाची शेवटची सकाळ होती.

“एका माणसाच्या आकड्यांना कोण विचारणार, सर?” मी म्हटलं.

“कोणी नाही,” सर आनंदानं म्हणाले. “शिट्टी मारा.”

साठीचा माणूस सोळाशे मीटर धावतो तेव्हा बघणाऱ्याच्याच छातीत दुखतं. प्रत्येक फेरीला वळणावर मावशी पेला पुढे करायच्या. प्रत्येक फेरीला सर धावता धावता दोन्ही हात जोडायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्या फेरीनंतर शकीलभाईंनी नळी भरली. ही दरम्यानची. तिसऱ्या फेरीलाही नमस्कार. चौथ्या, शेवटच्या फेरीलाही नमस्कार. मावशींचा हात तसाच पुढे राहिला.

शेवटचे शंभर मीटर उरले तसा मी खुर्चीतून उठलो. वेळ अचूक घ्यायची होती. मावशींची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“उभे झाले ना तुम्ही आता? मंग घ्या.”

आणि पेला माझ्या हातात. इतक्या वर्षांनी. मी एक घोट घेतला. आंबट, मग गूळ, मग चिमूटभर मीठ, आणि त्या सगळ्याच्या मागून हळूच येणारी आपल्या पाण्याची खारट चव. मी डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. पेला संपवला.

डोळे उघडले तेव्हा सर रेषेच्या पलीकडे गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. शकीलभाई नळी भरत होते. “वेळ?” सरांनी धापेतूनच विचारलं.

स्टॉपवॉच माझ्या डाव्या हातात होतं. आकडे अजून पळत होते.

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघितलं. मावशींकडे बघितलं, त्या दुसरा पेला भरत होत्या. मग त्यांनी माझ्या काखेतली वही मागितली, घाम पुसला, आणि श्वास पुरा बसायच्या आधीच, सरळ अक्षरात लिहिलं: ‘वेळ: नोंद नाही. कारण: सरबत फार चांगलं झालं होतं.’

खाली सही केली. वही मिटून माझ्या हातात दिली. “उद्या पुन्हा,” ते म्हणाले, आणि अंग सैल करायला संथ पावलांनी निघाले. पार पलीकडच्या वळणापर्यंत त्यांचे पांढरे बूट दिसत होते. निंबाजवळ आल्यावर, मावशींनी पेला पुढे केला तेव्हा, त्यांचे दोन्ही हात पुन्हा जोडले गेले.